फाल्गुनातील कुयरी आणि ओले काजूगर

माघ सरत आला की आमच्या रत्नागिरीकडे फणसाच्या खोडांवर काट्यांनी गच्च भरलेल्या लहान हिरव्या कुयऱ्या दिसू लागतात, आणि त्याच सुमारास काजूच्या झाडांवर बीही धरलेली असते. काजूची बी आधी पूर्ण वाढते आणि बोंड मागाहून फुगते, त्यामुळे या दिवसांत झाडावर हिरव्या, मऊ टरफलाच्या बिया लटकत असतात. कुयरी अजून कोवळी आहे आणि काजूचे टरफलही टणक झालेले नाही, असा काळ वर्षातून एकदाच येतो आणि फार दिवस टिकत नाही. ओले काजूगर घातलेली कुयरीची भाजी करायची ती याच काळात.

आमच्या घरी ही भाजी आजवर आई करीत आली. संधिवातामुळे तिची बोटे आता विळीवर चालत नाहीत, म्हणून यंदा झाडावरून कुयरी उतरवण्यापासून फोडणीपर्यंतचे सारे काम मी अंगावर घेतले आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून एकेक गोष्ट सांगत राहिली. ज्यांनी ही भाजी फक्त ताटातच पाहिली आहे, त्यांना तिच्या चवीचे मूळ फोडणीत असावे असे वाटते. माझ्या मते ते फोडणीच्या बरेच आधी, फळाच्या निवडीत आणि चीक काढण्यात आहे, आणि म्हणून त्याच भागाविषयी मी अधिक लिहिणार आहे.

कुयरी निवडताना आकारापेक्षा तिच्या आतली आठळी महत्त्वाची. फळ साधारण सोललेल्या नारळाएवढे असावे, काटे एकमेकांना चिकटून दाट असावेत आणि नखाने दाबले असता त्यांची टोके लवावीत. काटे विरळ होऊन बोथट दिसू लागले की आत गरे धरू लागले आहेत आणि आठळीभोवती कवच तयार होते आहे असे समजावे. अशा फळाची भाजी वेगळी, ती पुढे चैत्र-वैशाखात कच्च्या गऱ्यांची करतात. आमच्या आवारात कापा आणि बरका असे दोन्ही फणस आहेत. कोवळेपणी दोहोंच्या चवीत मला फरक जाणवत नाही, तरी आई म्हणाली, "अरे, बरक्याचीच काढ आणि एका ठिकाणी दाटीने लागल्या आहेत तिथलीच काढ." दाटीतली एखादी काढली की उरलेल्या फळांना वाढायला जागा मिळते, आणि पिकलेला कापा घरात सर्वांना खायला हवा असतो. बरक्याची फणसपोळी होते, पण त्यासाठी झाडावर पुष्कळ फळे शिल्लक राहतात.

देठ कापताच पांढराशुभ्र चीक वाहू लागतो. तो पाण्यात विरघळत नाही, साबणालाही सहज दाद देत नाही. तेलात मात्र सुटतो. म्हणून फळाला हात लावण्यापूर्वी दोन्ही हातांना, विळीच्या पात्याला आणि खाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावरही खोबरेल तेल लावून घेतले. कुयरी देठाकडची बाजू खाली करून बादलीत थोडा वेळ उभी ठेवली, म्हणजे बराचसा चीक आपोआप निथळून जातो. त्यानंतर तिचे उभे चार भाग केले, कापलेल्या कडांवर पुन्हा आलेला चीक कागदाने टिपून घेतला, मधला कठीण दांडा काढला आणि काटेरी साल जाडसर तासली. साल पातळ काढण्याचा मोह होतो, पण सालीलगतचा हिरवट थर शिजूनही तुरट राहतो, तेव्हा तो गेलेलाच बरा. एक किलोच्या आसपासची कुयरी सोलून जवळजवळ निम्मीच उरते, हे लक्षात घेऊनच फळ घ्यावे. साली गोठ्यात गेल्या. गुरे त्या आवडीने खातात.

चिरलेल्या फोडी हवेत राहिल्या की सफरचंदाप्रमाणे काळवंडतात, त्यामुळे त्या लगेच मीठ आणि थोडे ताक घातलेल्या पाण्यात सोडल्या. ताकाच्या आंबटपणामुळे काळे पडण्याची क्रिया मंदावते आणि तुरटपणाही काही अंशी निघून जातो.

काजूगरांचे काम याहून नाजूक आणि खरोखर जपून करण्याचे आहे. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी भाजून काढते. काजू आणि आंबा एकाच कुळातले असल्यामुळे ज्यांना आंब्याच्या चिकाने पुरळ येते त्यांनी तर हे काम हातमोज्यांशिवाय करूच नये. बाजारात सोललेले ओले काजूगर शेकड्याच्या भावाने मिळतात. तो भाव ऐकून पुष्कळ लोक कुरकुरतात, परंतु टोपली घेऊन बसलेल्या मावशींच्या काळवंडलेल्या, सोलवटलेल्या बोटांकडे एकदा पाहिले तर तो भाव जास्त आहे असे कोणी म्हणणार नाही. मी निम्मे काजूगर त्यांच्याकडूनच घेतले आणि निम्मे आमच्या झाडांवरच्या बियांतून काढले. हातांना तेल आणि त्यावर चुलीतली राख चोळून बी विळीवर उभी चिरायची, दोन शकले झाली की टोकदार काडीने आतला अर्धा गर अलगद उचलायचा आणि थेट पाण्यात टाकायचा. टरफलाचे तेल गराला लागू न देणे हेच त्यातले खरे कसब आहे. सर्व गर निघाल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुतले आणि कढत पाण्यात थोडा वेळ ठेवले, तेव्हा त्यांच्यावरची तांबूस साल चिमटीत धरताच सुटू लागली. ती साल कडसर तुरट असते; तिचा एखादा तुकडादेखील राहू देऊ नये, असा आईचा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

साली काढता काढता माझ्या मनात आले की या भाजीचे हे रूप तसे फार जुने असू शकत नाही. फणस हा आपल्या सह्याद्रीच्या रानातलाच, पण काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून या किनाऱ्यावर आणला आणि फोडणीतली मिरचीही त्यांच्याच काळात आली. त्याआधी कुयरीची भाजी होत असेल ती वालाचे बिरडे किंवा दुसरे एखादे कडधान्य घालून आणि मिरीच्या तिखटावर. आज मात्र वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ओल्या काजूगरांवाचून कोकणातला शिमगा आम्हांला अपुरा वाटतो. ज्यांना काजूगर मिळत नाहीत त्यांनी भिजवून उकडलेले काळे वाटाणे घालावेत. ती भाजीही उत्तम होते. सुके काजू रात्रभर भिजवून घातले तर मात्र ओल्या गराचा दुधाळ मऊपणा येत नाही.

आता प्रत्यक्ष शिजवण्याविषयी. फोडी निथळून, हळद आणि मीठ लावून कुकरच्या भांड्यात ठेवल्या आणि पाण्याचा जेमतेम हबका मारला. कुयरी खूप कोवळी असेल तर दोन शिट्ट्या पुरतात, जरा निबर असेल तर तीन. फोड बोटाने दाबली असता तिचे धागे सुटावेत, पण तिचा लगदा होऊ नये, इतपतच ती शिजली पाहिजे. गार झाल्यावर पाणी काढून टाकले आणि फोडी पाट्यावर घेऊन वरवंट्याने हलकेच ठेचल्या. सुरीने बारीक चिरलेली कुयरी आणि ठेचलेली कुयरी यांत फार अंतर आहे: ठेचल्याने धागे मोकळे होतात आणि फोडणी, गूळ, खोबरे हे सर्व त्यांच्यात मुरते.

कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू दिली, मग हिंग, हळद, चार सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि कढीलिंब घातला. काजूगर आधी घालायचे, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. अर्धी वाटी पाणी घालून, झाकणावर पाणी ठेवून आठ-दहा मिनिटांत ते मऊ झाले. त्यानंतर ठेचलेली कुयरी, चवीपुरते मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून मंद आचेवर परतत राहिलो. कुयरी फोडणीचे तेल चटकन शोषून घेते आणि कढई कोरडी दिसू लागते. अशा वेळी वरून तेल न ओतता पाण्याचा शिपका देऊन पुन्हा झाकण ठेवावे. शेवटी अर्ध्या नारळाचे ताजे खोबरे आणि कोथिंबीर घालून, एक वाफ येताच भाजी उतरवली.

कांदा, लसूण, गरम मसाला यांतले काहीही मी घातले नाही. खाली सिंधुदुर्गात भाजक्या खोबऱ्याचे वाटप आणि मालवणी मसाला लावून काजूगरांची जी उसळ करतात ती मला अतिशय आवडते, आणि तिथे तो मसाला शोभतोही. पण कुयरीची स्वतःची चव इतकी सौम्य असते की असा मसाला पडला की ताटात मसालाच उरतो, मग तिथे कुयरी असो वा बटाटा. एवढ्या कष्टाने चीक काढून, साल तासून जे मिळवले ते जिभेला कळलेच पाहिजे, याबाबतीत माझे मत ठाम आहे. आंबटपणा हवा असणाऱ्यांनी एखादे आमसूल घालावे. तेही काजूगर शिजल्यानंतर.

तांदळाची भाकरी, मऊ भात आणि कुळथाचे पिठले यांच्यासोबत आम्ही ती भाजी जेवलो. आईने एक काजूगर बोटांनी दाबून पाहिला आणि "गर बरोबर शिजलेत" एवढेच म्हणाली. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागली. मात्र ओले खोबरे असल्यामुळे उन्हाळ्यात ती शीतपेटीत ठेवावी लागते. दुसरी एक कुयरी उकडून, न ठेचता, फोडींच्या रूपात डब्यात भरून मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली आहे, आणि तिच्यासाठी थोडे काजूगर सालीसकट उन्हात कडकडीत वाळवले आहेत. पावसाळ्यात भाजीपाल्याची वानवा असते तेव्हा ते रात्रभर भिजवून वापरता येतील. विळीवरचा उरलेला चीक पाते किंचित गरम करून तेलाच्या बोळ्याने पुसला की निघतो. तो तसाच वाळू दिला तर पुढे आठवडाभर विळीवर दुसरे काही नीट चिरता येत नाही.