नगरधनचा सातबारा

रामटेकच्या गडाबद्दल इथे फार लिहीत नाही. गर्दी होती, माकडं होती, एका काकूंची पर्स माकडानं पळवली आणि निम्मा गड त्या माकडामागे लागला. त्या गोंधळात केवल नरसिंहाच्या देवळात मला निवांतपणा मिळाला, एवढाच फायदा. या देवळात वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याच्या, काळातला एक झिजलेला शिलालेख आहे. प्रभावतीगुप्ता राणीच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी हे देऊळ उभारलं, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. पायऱ्या उतरताना गाइडांच्या गोष्टी कानावर पडत होत्या. राम, सीता, कालिदास, पुन्हा राम. लेकीनं आईसाठी बांधलेलं देऊळ एकाच्याही तोंडी नव्हतं. माझं डोकं तिथेच फिरलं.

तिथून जवळच्या नगरधनच्या किल्ल्याला जायचंय म्हटल्यावर ऑटोवाला म्हणाला, "कायले जाता जी तिथं? भिंतीच हायेत नुसत्या."

भिंती चांगल्याच आहेत. किल्ला आज दिसतो तो भोसल्यांच्या काळातला, दुरुस्त केलेला, झाडलोट असलेला. आत बावडीत खाली उतरलं की देवी भेटते, आणि मे महिन्यात तो गारवा सोडून वर यावंसं वाटत नाही. पण मला हवं होतं ते तटाबाहेर. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावती इथे सून म्हणून आली, आणि नवरा रुद्रसेन गेल्यावर मुलं लहान म्हणून राज्य तिनं चालवलं. २०१५ ते २०१८ या काळात गावात उत्खनन झालं, तेव्हा तिच्या नावाची मुद्रा मिळाली. मातीची, वर ब्राह्मी अक्षरं आणि शंख. मी गावभर फिरले. हे सांगणारी पाटी काही मला दिसली नाही.

एका ओट्यावर आजी बसल्या होत्या.

"कोनाच्या घरी आली वं बाई?"

कोणाच्याच नाही, खोदकामाची जागा बघायला आले, म्हटलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, वर गुळाचा खडा. रामटेकला वीस रुपयांत मिळालेल्या कोमट बाटलीपेक्षा हे पाणी कितीतरी थंड होतं.

"मीबी होती ना त्या कामाले. घमेले वाहाचे, माती चाळाची. खापर निंगालं का धुवून वाळू घालाचं."

"मग काय काय निघालं?"

"काय मालूम. काम सरलं, मंग धानाचे रोवणे लागले."

मी फोनवर मुद्रेचा फोटो शोधून दाखवला. आजींनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"एवढूसाच?"

"एवढाच. राणीचं नाव आहे त्यावर. राज्य करायची इथून."

"म्हंजे सातबारा बाईच्या नावानं होता म्हना ना!"

मी हसले. पण आजी बोलल्या ते नेमकं होतं. प्रभावतीचा पुण्यात मिळालेला ताम्रपट याच नंदिवर्धनातून निघालेला आहे, आणि तो गाव दान दिल्याचाच कागद आहे. त्यात वंशावळ सुरू होते ती तिच्या माहेरच्या गुप्तांपासून. गोत्रही ती बापाचंच लावते, धारण. सोळाशे वर्षांपूर्वी जमिनीच्या व्यवहारावर बाईचं नाव होतं, आणि आजींचं घर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर आहे. फेरफार राहून गेलाय म्हणे.

राणीचं तरी बरं, तिचं नाव उरलं. त्याच खोदकामात काचेची कर्णभूषणं निघाली, बांगड्या निघाल्या, सूत कातायच्या चातीला लावतात त्या मातीच्या चकत्या निघाल्या. शेळ्यामेंढ्या, डुकरं, कोंबड्या यांची हाडं निघाली. राजधानी म्हटलं की आपण उगाच तूपभात डोळ्यांसमोर आणतो. सूत कातणारे, जनावरं पाळणारे हे लोक किल्ल्याच्या गोष्टीत कुठेच नसतात. तटाचा दगड ढासळला तर निदान दिसतो. घरांखालची खापरं नव्या घराच्या पायासाठी खणताना मुरमासोबत ट्रॉलीत जातात, त्याचा कोणाला पत्ता नसतो. डागडुजीला पैसे लागतात हे मला कळतं. चार ओळींच्या पाटीला किती लागतात? आणि त्या पाटीवर "माती गावातल्या बायांनी चाळली" ही पाचवी ओळ आली तर कुणाचं काय बिघडेल?

हे सगळं मी आजींना तावातावानं सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नातवाला हाक मारली, तो फोटो त्याच्या मोबाइलवर घ्यायला लावला.

"सोन्याचा हाय का?" नातवानं विचारलं.

"मातीचा."

त्याचा चेहरा पडला. आजींनी मात्र विषय धरून ठेवला होता. "सोमवारी तलाठ्याकडं जाय," त्या त्याला म्हणाल्या, "अन् बुढ्याच्या मृत्यूचा दाखला कुठी ठेवला तो पाह्यजो आधी." नातू कपाटाकडे गेला. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, थांबल्याचे वेगळे पन्नास लागतील असं त्यानं आधीच बजावलं होतं.