दिवेआगर : निसर्ग वादळानंतरची वाडी

दिवेआगरला आम्ही राहिलो ते हॉटेल नव्हे, नारळ-पोफळीच्या वाडीतलं घर आहे, आणि ते कधी हॉटेल होऊ नये असं मला मनापासून वाटतं. माणगावहून म्हसळा, बोर्ली पंचतन करत पोचलो तेव्हा भर दुपार होती. अंगणभर पोफळींची सुपारी वाळत घातलेली. कडेकडेने वाट काढत ओटीवर गेलो, तर काकू आतूनच म्हणाल्या, "बसा हं, हे वाडीत पाणी लावतायत. येतीलच." काका आले ते पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले. मला हे फार आवडलं. इथे पाहुण्यांची वेळ वाडीच्या वेळेनंतर लागते.

खोल्या दोनच, मागच्या पडवीला लागून. स्वच्छ चादरी, बंब तापवून गरम पाणी, एसी नाही. जेवायला बिरडं, केळफुलाची भाजी, सोलकढी आणि रात्री आधी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. आई मोजकं जेवणारी, पण तिनेही तिसरा मोदक मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी आरवी, शेखाडीच्या बाजूने समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर केलं. रस्ता सुंदर, देवळात गर्दी.

संध्याकाळी परतलो तेव्हा दुसऱ्या खोलीसाठी एक कुटुंब येत होतं. फाटकाबाहेर भरपूर जागा असताना त्यांनी गाडी सरळ अंगणात घातली, सुपारीवरून. चाकांखाली कडकड आवाज झाला. उतरल्यावर पहिला प्रश्न वायफायचा. काकू काही बोलल्या नाहीत. खाली बसून चेपलेली सुपारी वेगळी करायला लागल्या. आईही शेजारी बसली, मग मीही. आख्खी सुपारी सालासकट महिना-दीड महिना उन्हात वाळते, मग सोलतात. फुटलेल्या मालाचा भाव पडतो. त्या माणसांना हे ठाऊक नसेल, मान्य. पण कुणाच्या दारात काही पसरून ठेवलेलं दिसलं तर थांबून विचारायला काय लागतं? मला अजूनही त्यांचा राग आहे.

सकाळी काका मला वाडीत घेऊन गेले. एरवी येणारे सगळे सुवर्णगणेशाचं विचारतात, म्हणाले. 1997 साली इथल्याच एका वाडीत खणताना तो सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, 2012 मध्ये चोरीला गेला, ही गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली असेल. झाडांचं कुणी विचारत नाही.

मी विचारलं. वाडीच्या मधोमध आभाळ दिसत होतं, म्हणून. दाट वाडीत आभाळ दिसत नाही.

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. लॉकडाऊनमुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. घरातली सगळी माणसं माजघरात बसून ऐकत होती. पोफळी मधोमध मोडतात त्याचा आवाज वेगळा, नारळ मुळासकट येतो त्याचा वेगळा, असं काका म्हणाले. संध्याकाळी दार उघडलं तर विहिरीकडे जायला वाट नव्हती.

जी झाडं उभी राहिली तीही नंतर गेली, हे मला माहीतच नव्हतं. पोफळीला सावली लागते. भोवतीची उंच झाडं पडली की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येतं, खोड भाजतं, चिरतं, आणि वाचलेलं झाडही काही काळाने मोडतं. म्हणून काकांनी आधी केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. जात इथलीच, श्रीवर्धनी रोठा, वडिलांच्या हातची जी झाडं शिल्लक होती त्यांच्याच बियांची. रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं. वादळ झालं तेव्हा काकांनी साठी ओलांडली होती.

"तोवर खोल्यांनी घर चालवलं," ते एवढंच म्हणाले आणि पाटातला केरकचरा काढायला वाकले. कोवळ्या झाडांच्या बुंध्याशी त्यांनी मिरवेलही लावून ठेवले आहेत. चढायला खोड अजून पुरतं उंच नाही, तरी.

निघताना काकूंनी हिशोबात मोदकांचे पैसे धरलेच नव्हते. आईने ते वेगळे ठेवले, त्यावरून दोघींची बराच वेळ ओढाताण झाली, आणि शेवटी काकूंनी पैसे घेतले पण बदल्यात चार शहाळी गाडीत टाकली.

हिवाळ्यात जात असाल तर जरूर अशाच घरी राहा. जेवणाचं आदल्या दिवशी सांगा, वाडी दाखवा म्हणा. आणि गाडी फाटकाबाहेर लावा.