शृंगारकथा लिहिली, विकली: माझा अनुभव

२०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला, आणि माझं लग्नपत्रिकांचं काम आठवडाभरात बंद पडलं. परभणीत वसमत रोडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पंचवीस पाहुण्यांसाठी पत्रिका कोण छापतं? व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला की झालं. पुढं शटरच खाली आलं, तेव्हा कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला. यांचं कृषी सेवा केंद्रातलं काम चालू होतं, त्यामुळं चूल पेटत होती. पण दुकानाचं भाडं आणि झेरॉक्स मशीनचा हप्ता माझ्या अंगावर होता.

शृंगारकथाच का लिहिली, हे आधी सांगते. पंधरा वर्षं मी लोकांचं लेखन टाइप करत आले. कवितासंग्रह, प्रबंध, गावोगावच्या स्मरणिका. एकदा एका गृहस्थांनी दिवाळी अंकासाठी चावट गोष्ट टाइप करायला दिली होती. अडतीस पानं. त्यातल्या बाईला तोंडच नव्हतं. तिला काय वाटतं, तिला हवं आहे की नाही, याचं एक वाक्य नाही. टाइप करताना माझी बोटं अक्षरशः जड झाली. असली गोष्ट बाईच्या बाजूनं लिहिली तर कशी होईल, हा विचार तेव्हापासून डोक्यात होता. लॉकडाऊनमध्ये रात्री सगळे झोपल्यावर मी लिहायला बसले.

पहिली गोष्ट ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर पाच महिने बाहेर असलेल्या नवऱ्याची आणि घरी राहिलेल्या बायकोची. तो परत येतो ती एकच रात्र. गोष्टीचा सांगाडा चांगला होता, पण लिहिताना मी भिंतीवर जाऊन आदळले. शब्दच नव्हते. शरीराचे शब्द आपल्याकडं दोन ठिकाणी सापडतात, दवाखान्यात आणि भांडणात. एक तर संस्कृत, नाही तर शिवी. मी दवाखान्यातले घेतले, कारण शिवी लिहायची लाज वाटली.

ती गोष्ट वाचायला दिली माझ्या मोठ्या जाऊबाईंना. त्या जिंतूरकडं गावी असतात, सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचनाची भारी आवड. प्रिंट काढून पिशवीत घालून नेली. त्यांनी माजघरात बसून, चष्मा लावून, सगळी वाचली. मी बाहेर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते, जीव वरखाली होत होता. मग त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, “अगं, हे काय लिहू लालीस? डाक्टरीणबाईच्या पुस्तकावानी वाटू लालंय. त्या गाठीचं लिवलंय ना, तेवढंच खरं हाय बघ.”

गाठीचा प्रसंग असा होता. नवरा येणार म्हणून तिनं पेटीची किल्ली पदराला बांधून ठेवलेली असते. विहिरीवरून येताना पदर भिजतो आणि गाठ घट्ट बसते. अंधारात दोघं ती सोडवत बसतात. सुटत नाही. ओसरीवर सासू झोपलेली, म्हणून हसू दाबतात, आणि हसू दाबताना एकमेकांच्या जवळ येतात. त्यात एकही अवघड शब्द नव्हता.

त्या रात्री मी गोष्ट पुन्हा लिहिली. दवाखान्यातले सगळे शब्द काढले. त्यांच्या जागी आपल्या बोलण्यातलं ठेवलं. अंग चोरणं, अंग सैल सोडणं, कुशीत शिरणं, जीव गोळा होणं. आमच्याकडच्या बायका आपसात बोलतात तेव्हा सगळं याच शब्दांत बोलतात आणि काही सांगायचं राहत नाही. मी ते कधी कागदावर बघितलं नव्हतं, एवढंच. ज्वारीच्या कडब्याचा वास, मानेवरचा घाम, हाताला पडलेले घट्टे यांनी जे काम होतं ते दवाखान्यातल्या शब्दांनी होत नाही.

याच काळात जिल्हा ग्रंथालयातून गाथासप्तशती आणली, स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली, १९५६ ची. पैठणच्या सातवाहन राजा हालानं जमवलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या, आणि कितीतरी उघड शृंगाराच्या. एका गाथेत कापसाच्या रानात नांगर घालायच्या आधी त्याची पूजा चाललेली असते, आणि पूजा करणाऱ्या बाईचा हात थरथरतो. पीक वाढलं की त्याच रानात तिला तिचा माणूस भेटणार आहे. माझ्या माहेरी कापूसच होतो. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. हे आपल्या गोदावरीकाठचं, आपल्याच भाषेच्या आजीचं लेखन आहे. मी चोरून काही करते आहे, ही भावना त्या दिवशी गेली.

आता पैशाकडं येते.

सुरुवातीला एका अॅपवर गोष्टी टाकल्या. वाचणारे खूप आले, पैसा आला नाही, आणि एका सकाळी माझ्या चारही गोष्टी कारण न सांगता काढून टाकलेल्या. मूळ फाइली माझ्याकडं होत्या म्हणून वाचले. शृंगार लिहिणाऱ्यानं फक्त अॅपच्या चौकटीत कधीही लिहू नये. लेखन आधी आपल्या कॉम्प्युटरवर, त्याची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, मग बाकी सगळं.

नंतर अॅमेझॉनचं केडीपी शिकले, म्हणजे आपलं ई-पुस्तक आपणच प्रसिद्ध करून विकायची सोय. किंडलवर, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी २०१६ च्या अखेरीपासून चालतं. खातं उघडायला पॅन आणि बँकेचा तपशील लागतो, तो खऱ्या नावाचा. मुखपृष्ठावर टोपणनाव चालतं. मी आजीच्या माहेरचं आडनाव घेतलं. पुढं करासंबंधीचे प्रश्न येतात, इंग्रजीत. डब्ल्यू-८बेन नावाच्या त्या फॉर्मला मी दोन दिवस घाबरून होते. त्यात आपण भारतात कर भरतो हे सांगून पॅन नंबर द्यायचा. भारत-अमेरिका करारामुळं अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात. परदेशात राहणारी मराठी माणसं अशी पुस्तकं घेतात, म्हणून हा फॉर्म नीट भरणं महत्त्वाचं.

फाइल तयार करणं मला सोपं जाईल असं वाटलं होतं. पंधरा वर्षं तेच तर करते. पण माझं सगळं टायपिंग जुन्या फॉन्टात, आणि किंडलला लागतं युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं. कन्व्हर्टरमधून फाइल काढली तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं. र चा पाय मोडून पुढं य आला की कॉम्प्युटर त्याचा रफार करतो, आणि आपल्याला हवा असतो आडव्या रेघेचा अर्धा र. आचाऱ्यांचे आचार्य होतात ते यामुळंच. माझ्या गोष्टीत ‘कोपऱ्यात’, ‘वाऱ्यानं’, ‘किनाऱ्यावर’ असे दोनशेच्या वर शब्द निघाले. एकेक शोधून दुरुस्त केला. शृंगाराच्या गोष्टीत वाचणारा शब्दाला अडखळला की तंद्री मोडते आणि गोष्ट मरते. यात मी तडजोड करत नाही. तेव्हापासून थेट युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर लिहिते.

मुखपृष्ठ कोरलड्रॉमध्ये स्वतः केलं. उघडं अंग नको हे आधीच ठरवलं होतं. पुस्तक चढवताना मुखपृष्ठ, आतली चित्रं किंवा नाव उघड लैंगिक आहे का, असा प्रश्न विचारतात. त्याचं खरं उत्तर द्यायचं. मी जाऊबाईंच्या हाताचा फोटो काढला, हिरव्या बांगड्या आणि पितळी तांब्याची कड. त्यांचा चेहरा कुठंच नाही. या प्रकारच्या पुस्तकांची तिथं जाहिरात करता येत नाही, त्यामुळं मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं एवढ्यावरच वाचक मिळवायचा असतो.

कायद्याचं मात्र कोणी हलक्यात घेऊ नये. मी आमच्या ओळखीच्या एका वकिलांकडं गेले. ते लाजले नाहीत, खुर्ची दिली आणि पुस्तक काढलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, अश्लील मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध केला तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ६७-अ मध्ये उघड लैंगिक कृतीचा मजकूर, तिथं पाच वर्षं आणि दहा लाख. साहित्य, कला, विज्ञान यांना कायद्यात अपवाद आहे, पण तुमचं लेखन साहित्य आहे हे दाखवायची वेळ आली तर ते दाखवता आलं पाहिजे, असं ते म्हणाले. मग त्यांनी लेखक चंद्रकांत काकोडकरांचा खटला सांगितला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवरून खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं असंही म्हटलं की अश्लील काय ते आजच्या समाजाच्या मापानं आणि पूर्ण संदर्भ बघून ठरवायचं. मी घरी येऊन माझे तीन परिच्छेद खोडले. भीतीनं नाही. वकिलांसमोर ते मोठ्यानं वाचता आले असते का, असं स्वतःला विचारलं, आणि त्या तीन ठिकाणी गोष्ट थांबून नुसती कृतीची यादी सुरू झाली होती.

माझे नियमही तेव्हाच ठरले. पात्रं सगळी पंचविशीच्या पुढची. दोघांची मर्जी शब्दांत दिसली पाहिजे. खरं माणूस, खरं गाव नाही. आणि दीर-वहिनीच्या गोष्टी मी लिहिणार नाही. त्यांना मागणी सगळ्यात जास्त आहे, मला तसं सांगणारे निरोपही आले. पण त्या गोष्टींमुळं खेड्यातल्या तरण्या विधवेकडं आणि एकट्या राहणाऱ्या वहिनीकडं लोक कसे बघतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या पैशाला मी हात लावणार नाही.

भारतात ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडं कुठंही ठेवायचं नाही. इथं माझी चूक झाली. पहिल्या गोष्टीचा अर्धा भाग मी पूर्वी एका ठिकाणी फुकट टाकलेला होता आणि विसरले होते. ईमेल आला तेव्हा पोटात गोळा आला. तो भाग काढला, कळवलं, मिटलं. सिलेक्टमध्ये असलं की किंडल अनलिमिटेडचे, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून त्यातली पुस्तकं वाचणारे, सभासद पुस्तक वाचतात आणि वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. माझी कमाई जास्त करून तिथलीच आहे. विकत घेणारे थोडे, वाचणारे बरेच. सुटी गोष्ट काढण्यापेक्षा पाच गोष्टींचा संग्रह केला तेव्हा पानं वाढली आणि पैसेही.

विक्रीचा महिना संपला की साधारण ६० दिवसांनी पैसे येतात. पहिल्यांदा खात्यात १८६ रुपये आले. त्या वेळी मी दुकानात एकटी नव्हते, नाही तर रडले असते. २०२३ च्या सबंध वर्षात ७१ हजारांच्या आसपास मिळाले, चौदा गोष्टी आणि दोन संग्रह मिळून. सगळ्यात चांगला महिना दिवाळीचा. यावर घर चालत नाही. पण दुकानाचं भाडं यातून निघतं आणि झेरॉक्सचा हप्ता फिटला. लोक पीडीएफ करून ग्रुपवर फिरवतात, त्याचं वाईट वाटतं. त्यावर फार शक्ती घालवत नाही, तेवढ्यात पुढची गोष्ट होते.

खातं आमचं दोघांचं, त्यामुळं पैसे आल्याचा मेसेज यांच्या फोनवर जायचा. तिसऱ्या महिन्यात यांनी विचारलं. मी गोष्टच हातात दिली. हे बाजेवर पडून वाचत होते आणि मी भांडी घासत होते, मुद्दाम हळू. वाचून झाल्यावर आत आले. “यातला माणूस मी आहे का?” एवढंच विचारलं. म्हटलं, “ट्रॅक्टर तुमचा नाही. गाठ तुमची आहे, आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली.” हे गप्प झाले. मग म्हणाले, “नाव कुठं येऊ देऊ नको. लेकीला मात्र तूच सांग, ती मोठी झाल्यावर. दुसऱ्याकडून कळायला नको.” लेक आता दहावीला आहे. अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं हे रोज मनात येतं.

सीए साहेबांकडं रिटर्न भरायला गेले तर त्यांनी विचारलं, “ताई, कसली पुस्तकं?” म्हटलं, “शृंगारकथा.” त्यांनी एकदा वर बघितलं आणि उत्पन्नाच्या रकान्याशेजारी ‘लेखन’ असं लिहिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

सध्या एका पन्नाशीच्या बाईची गोष्ट लिहिते आहे. तिची पाळी गेली आहे, मुलं संभाजीनगरला नोकरीला, घरात नवरा-बायको दोघंच, आणि तिला नव्यानं त्याची ओढ वाटू लागते. गेल्या आठवड्यात प्रिंट जाऊबाईंकडं पाठवली. परत आली तेव्हा सातव्या पानावर मी लिहिलेल्या ‘आलिंगन’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: “कवळ”.