आमची वाटचाल : डक्ट-ब्लोअरपासून यूव्ही युनिटपर्यंत

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. हूड, डक्ट, ब्लोअर बसवायचे, कारखान्यातली हवा ओढून चिमणीतून वर सोडायची, झालं काम. पण त्या हवेत सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग वगैरे पातळ करणाऱ्या द्रवांच्या वाफा, टोल्युईन, झायलीन, इथाइल अ‍ॅसिटेट सगळं तसंच असायचं, आतल्या कामगाराचे डोळे चुरचुरायचे थांबले तरी वास भिंतीपलीकडच्या घरांत जायचा, आणि हे मनाला पटेना. मग हवा पाण्याने धुणारे स्क्रबर बनवायला लागलो, पण टोल्युईन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कार्बन बेड, म्हणजे वाफ धरून ठेवणारा कोळशाचा थर, छान चालतो, फक्त भरला की बदलावा लागतो. असं करत करत यूव्हीकडे, म्हणजे अतिनील प्रकाशाने या वाफा मोडण्याकडे वळलो.

आता हे चालतं कसं ते सांगतो, कारण विकणारे बरेच जण सांगतच नाहीत. लो प्रेशर मर्क्युरी लॅम्पमधून (आत कमी दाबाची पाऱ्याची वाफ असलेली नळी) मुख्य प्रकाश निघतो २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि थोडासा १८५ चा, हा १८५ वाला साध्या काचेतून बाहेर पडत नाही, त्याला एकदम शुद्ध क्वार्ट्झच लागतं. तो हवेतला ऑक्सिजन फोडतो, सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजनला जोडला जाऊन ओझोन होतो, मग २५४ त्या ओझोनला परत फोडतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे लगेच दुसऱ्यावर तुटून पडणारे ऑक्सिजन-हायड्रोजनचे तुकडे, बनतात. खरी मेहनत या रॅडिकलची. ते सॉल्व्हंटचा रेणू कुरतडत नेतात, पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं.

पुरेसा वेळ, हेच महत्त्वाचं. लहानशा बॉक्समधून गॅस झपकन निघून गेला की काम अर्धवट राहतं, फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड अशी मधली रसायनं तयार होतात, वास बदलतो आणि लोकांना वाटतं साफ झालं! म्हणून आम्ही नाकावर विश्वास ठेवत नाही, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही गॅस मोजतो, फ्लो मोजतो, मगच युनिटची साइज ठरते.

आणि सगळीकडे यूव्ही लावूच नये, हे मी स्पष्ट बोलतो. कमी कॉन्सन्ट्रेशन आणि वासाचा त्रास असेल तिथे ते शोभतं. गॅस दाट असेल तर आरटीओ, म्हणजे रीजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझर ही भट्टीच बरी, तिथे ८०० अंशांच्या आसपास जाळून टाकतात. क्लोरीनवालं सॉल्व्हंट असेल तर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, कधी फॉस्जीन हा विषारी वायूसुद्धा होऊ शकतो, ते काम आम्ही घेत नाही. पेंट बूथ असेल तर आधी ड्राय फिल्टर हवाच, नाहीतर रंगाचे कण लॅम्पवर बसतात आणि प्रकाश बाहेरच येत नाही. यूव्हीच्या प्रकाशात वाफा मोडायला मदत करणारी टायटॅनियम डायऑक्साइडची जाळी लावणाऱ्यांनी सिलिकॉनच्या वाफेपासून सांभाळावं, तिचा सिलिका होऊन जाळीवर थर बसतो आणि जाळी निकामी होते.

उरलेला ओझोनही तसाच सोडून चालत नाही, तो फुफ्फुसांना वाईट, म्हणून शेवटी ओझोन मोडणारा मँगनीज डायऑक्साइडचा बेड देतो, आणि दार उघडलं की लॅम्प आपोआप बंद, हा इंटरलॉक आम्ही कुठल्याच गिऱ्हाइकाला काढू देत नाही, कितीही म्हणाला तरी.

आता प्रत्येक युनिटवर तास मोजणारा मीटर असतो. लॅम्प निळा पेटलेला दिसतो पण आतून १८५ कमी झालेला असतो, डोळ्यांना ते कळत नाही, त्यामुळे तास भरले की बदलायचाच. जुन्या नळ्यांत पारा असतो म्हणून त्या आम्ही परत घेतो आणि रीसायकल करणाऱ्यांकडे देतो.