डीओ वाढला आणि धाबं दणाणलं

सकाळच्या शिफ्टचा ऑपरेटर खुशीत होता. "मॅडम, आज डीओ झकास! 6 च्या वर गेलाय."

कारखान्याचं सांडपाणी जिवाणूंकडून शुद्ध करून घेणाऱ्या आमच्या एरेशन टँकमध्ये डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि तेवढा टिकवायलाही हवा फुंकणारे ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात. ब्लोअरला हात न लावता तो रातोरात तिप्पट झाला, म्हणजे तो वापरणाऱ्या जिवाणूंनी खाणंच सोडलं होतं.

टँकवर उभी राहिले तर रेझिन बनवताना लागणाऱ्या फिनॉल या रसायनाचा भपकारा. रात्री रेझिनचा रिॲक्टर धुतला गेला होता आणि ते पाणी न कळवता आमच्याकडे सोडलं होतं. इनलेटच्या नमुन्यात फिनॉल रोजच्या कित्येक पट निघालं. एक ग्रॅम फिनॉल पूर्ण जिरवायला सुमारे 2.4 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. जिवाणू धड असते तर डीओ तळाला गेला असता. पण फिनॉल बेताचं असेल तरच त्यांचं अन्न, जास्त झालं की विष.

फीड बंद केला, येणारं पाणी इमर्जन्सी टँककडे वळवलं. मॅनेजर म्हणाले, सगळा स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, उपसून नवा आणू. मी नाही म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली व्होर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव निपचित पडले होते खरे, पण पहिला फटका त्यांनाच बसतो. त्यावरून जिवाणूंचा निकाल लावता येत नाही. शिवाय आमच्या टँकमध्ये जिवाणूंना चिकटून वाढायला प्लॅस्टिकचे कॅरिअर आहेत. त्यांच्यावरच्या बायोफिल्मचा (जिवाणूंच्या चिकट लेपाचा) वरचा थर मार खातो, आतल्या थरापर्यंत फिनॉल कमीच पोचतं.

दुपारनंतर पाण्यावर पिवळी झाक आली. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला, मला मात्र हायसं वाटलं. जिवाणू फिनॉलचं आधी कॅटेकॉल करतात, मग त्याच्या रेणूतलं कार्बनचं कडं फोडतात, आणि फोडण्याच्या एका मार्गात मध्येच पिवळंजर्द संयुग तयार होतं. नुसत्या रंगावर भिस्त नको म्हणून बाटलीत स्लज भरून डीओचा प्रोब लावला. आकडा सावकाश उतरत होता. आत कुणीतरी श्वास घेत होतं!

इमर्जन्सी टँकमधलं पाणी मग थोडंथोडं सोडत संपवलं. फिनॉल लवकरच आटोक्यात आलं. अमोनिया मात्र कितीतरी दिवस चढाच राहिला. नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू नाजूक, त्यात वाढीला मंद. रोजच्या मीटिंगमध्ये "अजून किती दिवस?" याला माझं उत्तर एकच, त्यांची संख्या वाढेपर्यंत.