गाडीतली वही

कळत होतं, पण वळत नव्हतं. तेल कायम पुरणार नाही हे वर्षानुवर्षं ऐकूनही दोन गल्ल्या पलीकडे जायचं तरी हात गाडीच्या किल्लीकडेच जायचा. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा नेदरलँड्समध्ये रविवारी रस्त्यांवर गाड्या बंद झाल्या. १९९१ नंतर सोव्हिएत तेल आटलं आणि क्युबातली माणसं सायकलींवर आली. त्यांच्यावर वेळच तशी आली होती. मला ती वेळ यायच्या आधी सवय लावून घ्यायची होती.

गाडीत एक वही ठेवली. प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर आणि कारण लिहायचं, एवढंच. महिन्याने बेरीज केली. लांबचे प्रवास मोजकेच होते. पानंच्या पानं भरली होती ती दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी. औषध, झेरॉक्स, विसरलेली पिशवी! त्यात थंड इंजिन सुरुवातीलाच जास्त पेट्रोल खातं, म्हणजे याच फेऱ्या किलोमीटरमागे सगळ्यात महाग.

जुनी सायकल काढली. पहिल्या आठवड्यात गुडघे इतके दुखले की सोडून द्यावंसं वाटलं. दुरुस्तीवाल्याने फक्त सीट वर केली. पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, म्हणाला. दुखणं थांबलं. आता साखळी पुसून तेलाचे चार थेंब सोडतो, महिनाभर कुरकुर नाही.

कामावर जायला शेजाऱ्यांबरोबर एकच गाडी वापरायचं ठरवलं, ते मात्र जड गेलं. कुणाला उशीर, कुणाला घाई. दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा निघायची वेळ पक्की केली तेव्हा बसलं. महामार्गावर शंभरऐवजी नव्वदने जातो. हवेचा अडथळा सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. चाकांतली हवाही नेमाने तपासतो.

आईला दवाखान्यात न्यायला गाडीच काढतो, तिथे हिशेब करत नाही.

वर्षभरात पेट्रोल निम्म्यावर आलं. मग एक दिवस दारात पार्सलांची चळत पाहिली. मी गाडी काढत नव्हतो, पण एकेक वस्तू घरपोच मागवत होतो. तेल जळतच होतं, फक्त दुसऱ्याच्या टाकीतलं. वहीत पार्सलांसाठी वेगळं पान केलंय, आणि मागवायचं ते महिन्यातून एकदाच, सगळं एकत्र.