आज केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात धूळच कामाला आली

किलिमांजारो दिवसभर ढगांत गडप. ५,८९५ मीटरचा डोंगर, पण दिसेल तर शपथ! ‘तो फोटो सगळ्यांकडे आहेच,’ असं म्हणत आमच्या गाईडने संध्याकाळी गाडी कोरड्या तळ्याच्या कडेच्या रस्त्यावर, सूर्याकडे तोंड करून लावली. हत्तींचा कळप दलदलीतून परतत होता. मागून तिरपं ऊन आलं की पायांखालची धूळ सोनेरी पेटते आणि हत्तींच्या नुसत्या आकृत्या उरतात. एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणलं, म्हणजे फोटो मुद्दाम गडद केला. कातडीवरच्या सुरकुत्या गेल्या, जाऊ देत. चाल मात्र फोटोत उतरली.

मग झेब्रे. शटर १/३० सेकंदावर, म्हणजे संथ ठेवायचं आणि पळणाऱ्या झेब्र्याच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा. बहुतेक फ्रेम कचरा. पण एकीत डोळा स्पष्ट आणि पट्टे वाहताहेत, तिच्यावर मी जाम खूश आहे.

इथल्या हत्ती-कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून चालू आहे. गाड्यांची त्यांना सवयच झालीय. एक आजीबाई (कळपाची प्रमुख हत्तीणच असते) इतक्या जवळून गेल्या की मोठी लेन्स निरुपयोगी. मोबाईलने टिपलं. घरच्या ग्रुपवर कौतुक फक्त त्याच फोटोचं, काय बोलणार!